ठासणीच्या रायफलीचा गज: निवड, माप आणि नवा गज बसवण्याची रीत

ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी भरायच्या रायफलीचा गज (गोळी नळीत खाली ठासायची काठी) मोडला की बहुतेक जण जुन्या गजाची लांबी-जाडी मोजतात, तेवढ्याच मापाची गोल काठी आणतात आणि टोकाला पितळी टोपण चिकटवून मोकळे होतात. असा गज काही दिवस बरा चालतो. पण दहा-बारा बार उडून नळी काजळली की गोळी अर्ध्यावर अडते. मग हात जोर लावतो आणि काठी तिरकी चिरते. तिरक्या चिरेचं टोक भाल्यासारखं धारदार असतं आणि त्या क्षणी हात नेमका त्याच्याच दिशेने जोरात जात असतो. ठासताना तळहातात किंवा मनगटात गज घुसणं हा या छंदातला जुना आणि टाळता येण्याजोगा अपघात आहे.

म्हणून गज निवडताना आधी लाकडाची रेषा, म्हणजे धाग्याची दिशा पाहावी. त्यानंतर टोकाच्या टोपणाची पक्कड पाहावी. माप त्यानंतरचं, कारण माप चुकलं तर फार तर गज नळीखालच्या कड्यांमध्ये (ज्यांत तो ठेवतात) अडतो किंवा थोडा आखूड पडतो. रेषा चुकली तर हात जातो.

ठासणीच्या रायफलींची परंपरा आज सर्वांत जोमाने चालू आहे ती अमेरिकेत. त्यामुळे इथे उदाहरण तिथल्याच एका नेहमीच्या प्रकाराचं घेतलं आहे: हॉकेन या जुन्या अमेरिकी धाटणीची, टोपीवर (ठिणगी देणाऱ्या छोट्या स्फोटक झाकणीवर) उडणारी, ०.५० कॅलिबरची (म्हणजे नळीचा आतला व्यास अर्धा इंच), २८ इंच म्हणजे सुमारे ७१ सेंटिमीटर नळीची रायफल. चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या) लांब रायफलीला किंवा गुळगुळीत नळीच्या बंदुकीलाही रीत हीच लागू पडते, आकडे तेवढे बदलतात.

आधी नळी रिकामी आहे याची खात्री

जुनी ठासणीची बंदूक भरलेली आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. पूर्वी भरून ठेवलेला आणि विसरलेला बार वर्षांनंतरही उडू शकतो. टोपी काढा, चकमकीची असेल तर रंजकदाणी (पेटवणीच्या दारूची छोटी वाटी) उघडून पुसून घ्या. चेहरा आणि छाती नळीच्या तोंडासमोरून बाजूला ठेवून एक काठी अलगद बुडापर्यंत सोडा आणि तोंडापाशी पेन्सिलीने खूण करा. काठी बाहेर काढून तीच खूण तोंडाशी जुळवत नळीच्या कडेने धरा. आत गेलेलं टोक काना (पेटवणीचं भोक) किंवा टोपीची निपल (टोपी बसते ती छोटी पोकळ नळी) जिथे आहे त्याच्या जवळपास पोहोचायला हवं. हॉकेन धाटणीच्या अनेक रायफलींत बुडाशी दारूची अरुंद कोठडी असते, त्यामुळे काठी थोडी अलीकडे थांबते. पण चार-पाच सेंटिमीटर अलीकडे थांबली तर आत बार आहे असंच समजा आणि तो निघेपर्यंत पुढचं काम थांबवा.

लाकूड

अमेरिकेत गजासाठी हिकरीचं लाकूड वापरतात. ते चिवट आहे, वाकतं आणि सरळ होतं. पण हिकरी असं लिहिलेली प्रत्येक काठी चांगली नसते. लाकूड करवतीने कापलं की करवत आपल्या सरळ वाटेने जाते, लाकडाचा धागा आपल्या वाटेने. दोन्हींच्या दिशा वेगळ्या झाल्या की धागे काठीच्या कडेतून बाहेर निघतात आणि काठी तिथेच तिरकी चिरते. फोडून, म्हणजे धाग्याच्या मर्जीने चिरून काढलेल्या लाकडात हा दोष जवळपास नसतो. फोडीचा गज मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन तोच घ्यावा.

काठी निवडताना ती डोळ्यासमोर उजेडात धरा आणि एक रेषा बोटाने शेवटपर्यंत अनुसरा. मग काठी पाव वळसा फिरवून दुसरी बाजू पाहा, कारण एका बाजूने सरळ दिसणारी रेषा दुसऱ्या बाजूने बाहेर पळालेली असू शकते. रेषा नीट दिसत नसेल तर पातळ शाईचा एक थेंब टाका. तो धाग्याच्या दिशेने पसरतो आणि दिशा दाखवतो. पूर्ण लांबीत, तेही टोकाजवळ, एखादी रेषा कडेतून निघाली तर चालेल. मधल्या भागात वीतभर अंतरात रेषा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जात असेल तर ती काठी गजाच्या कामाची नाही, कितीही गुळगुळीत असो. गाठ असलेली काठीही नको.

मग वाकवून पाहणं. डोळ्यांवर चष्मा, हातात जाड मोजे. दोन्ही टोकं धरून काठीचा मध्य साधारण पाच सेंटिमीटर वाकवा, सोडा, पाव वळसा फिरवा, पुन्हा वाकवा. चारही बाजूंनी. करकर ऐकू आली किंवा एखादा धागा उचलला तर ती काठी बाजूला टाका. हे दुकानात करू दिलं नाही तर घरी नेऊन करा, पण केल्याशिवाय नळीत घालू नका.

हार्डवेअरच्या दुकानातली तयार गोल काठी बहुधा बर्च किंवा पॉप्लरसारख्या लाकडाची असते. खुंट्यांना, फर्निचरच्या जोडांना ती ठीक आहे. गज म्हणून ती मुळीच वापरू नये.

आपल्याकडे हिकरी वाढत नाही. महाराष्ट्रात त्याच गुणाचं म्हणजे चिवट आणि लवचीक लाकूड हवं असेल तर धामणीचं पाहावं. अवजारांच्या दांड्यांना ते वापरतात. वरच्या सगळ्या कसोट्या त्यालाही तशाच लागू. आपल्याकडच्या ठासणीच्या बंदुकींना बहुधा लोखंडी गज असतो, आणि गुळगुळीत नळीत छर्रे ठासायला तो पुरतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा वेगळा उल्लेख आहे. म्हणजेच अशा बंदुकीलाही परवाना लागतो. बंदुकीच्या इतर भागांची दुरुस्तीही परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी.

लाकडाऐवजी काय

पोलादी गज मोडत नाही. लष्कराने तो याच कारणासाठी स्वीकारला: प्रशियाच्या पायदळाकडे १७४१ च्या मॉलवित्झच्या लढाईत लोखंडी गज होते आणि त्यांचा बार भरण्याचा वेग हा त्या विजयातला एक भाग मानला जातो. पुढे १८५३ ची ब्रिटिश एन्फिल्ड आणि १८६१ ची अमेरिकन स्प्रिंगफील्ड या दोन्ही रायफलींना पोलादी गजच होता. मात्र त्यांत गोळी नळीपेक्षा किंचित लहान असे आणि सहज खाली उतरे. कापडाच्या पॅचमध्ये घट्ट बसवलेली गोल गोळी उतरवताना गज बराच जोर घेतो आणि नळीच्या तोंडाला घासतो. रायफलिंगचं (नळीतल्या पिळाच्या खाचांचं) तोंडाकडचं शेवटचं बोटभर अंतर सगळ्यात महत्त्वाचं असतं. ते झिजलं की नेम बिघडतो. म्हणून पोलादी गज वापरायचा तर तोंडावर बसणारी पितळी किंवा प्लॅस्टिकची मार्गदर्शक बुशिंग हवीच.

पितळी गज मऊ असल्याने नळीला सौम्य असतो, पण जड असतो आणि एकदा वाकला की वाकलेलाच राहतो. फायबरग्लास सहसा मोडत नाही, मात्र त्याच्या पृष्ठभागात वाळूचे कण रुततात आणि मग तो कानशीसारखा नळीचं तोंड खातो. अॅल्युमिनियमचंही तेच. डेलरिनसारख्या प्लॅस्टिकचा गज जवळजवळ मोडत नाही, पण घट्ट गोळीला तो धनुष्यासारखा वाकतो आणि जोर वाया जातो. माझं मत स्पष्ट आहे: नळीखाली कड्यांत राहणारा गज चांगल्या रेषेच्या लाकडाचा असावा. आणि मैदानावर सराव करण्यासाठी वेगळा, नळीपेक्षा २०–२५ सेंटिमीटर लांब, मूठ आणि बुशिंग असलेला धातूचा गज ठेवावा. इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप या गावी ठासणीच्या रायफलींच्या राष्ट्रीय स्पर्धा भरतात. तसल्या मैदानावर दिवसभर बार भरायचे असतील तर हा दुसरा गज चैन ठरत नाही.

माप

जाडी जुन्या गजावरून घेऊ नका. तो आधीच झिजलेला किंवा चुकीचा असू शकतो. ज्या कड्यांतून गज जातो त्यांचा आतला व्यास व्हर्नियरने मोजा, प्रत्येक कडीचा वेगळा, आणि कुंद्यातल्या भोकाचाही. सगळ्यात लहान आकडा खरा. त्यातून अर्धा मिलिमीटर वजा करा. लाकूड दमट हवेत फुगतं, पावसाळी दिवशी गज कडीत अडकला तर तो ओढताना टोपण सुटतं. साधारण अंदाज असा: ०.३२ कॅलिबरला पाव इंच म्हणजे ६.३ मिलिमीटर, ०.३६ ला ५/१६ इंच म्हणजे ७.९, ०.४० ते ०.५४ पर्यंत बहुधा ३/८ इंच म्हणजे ९.५, आणि मोठ्या नळ्यांना ७/१६ इंच म्हणजे ११.१ मिलिमीटर. आपल्या उदाहरणातल्या रायफलीला ३/८ इंच. लहान कॅलिबरचे बारीक गज सगळ्यात लवकर मोडतात, त्यामुळे त्यांना लाकूड निवडताना जास्तच कठोर व्हावं.

लांबी ठरवताना दोन गोष्टी जुळायला हव्यात. गज रिकाम्या नळीत बुडाला टेकला असता तोंडाबाहेर थोडा तरी राहिला पाहिजे, नाहीतर तळाशी पडलेला पॅच काढता येत नाही. आणि कड्यांत बसला असता तो नळीच्या तोंडापलीकडे फार डोकावू नये. नळीच्या बुडात ती बंद करणारा पेच गेलेला असल्याने आतली खोली नळीच्या बाहेरच्या लांबीपेक्षा कमी असते. म्हणून तोंडाशी सपाट येणारा गज बहुधा दोन्ही अटी पुऱ्या करतो. काठी मात्र पाच सेंटिमीटर जास्त लांब घ्या. कापता येतं, वाढवता येत नाही.

आटे तपासा. अमेरिकन उपकरणांना बहुधा १०-३२ आटे (स्क्रूच्या मापाचं तिथलं नाव) असतात, बारीक गजांना ८-३२, आणि युरोपात बनलेल्या काही रायफलींना मेट्रिक. जॅग (पुसायचा पॅच धरणारं टोक), गोळी ओढायचा स्क्रू, पॅच काढायचा वर्म हे सगळं एकाच आट्याचं असावं. जवळपास बसणारा पण वेगळा आटा दोन-तीन फेऱ्या फिरतो आणि मग ओढताना नेमका नळीच्या तळाशी सुटतो.

घडवणं आणि टोपण बसवणं

आधी पूर्ण काठी तयार करा, तेल शेवटी. तेल लागलेल्या लाकडाला एपॉक्सी पकडत नाही. रॉकेलमध्ये आठवडे भिजवलेले गज विकत मिळतात. भिजवण्याने लवचीकपणा किती वाढतो याबद्दल अनुभवी लोकांतही एकमत नाही, पण अशा गजावर डिंकाची पकड कच्ची राहते हे नक्की.

जाडी कमी करायची असेल तर लहान रंधा किंवा फुटक्या काचेची धार लांबीच्या दिशेने चालवा आणि काठी सतत थोडी फिरवत राहा. मग ८०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर. लांब रायफलींचे गज खालच्या टोकाकडे थोडे निमुळते करतात. तोंडाकडच्या जाड टोकाने गोळी दाबायची आणि बारीक टोक कुंद्यात जातं. थोडा वाक असेल तर वाफेवर गरम करून विरुद्ध दिशेला थोडं जास्त वाकवून थंड होऊ द्या. अगदी किंचित वाक राहू दिला तरी बिघडत नाही. उलट गज कड्यांत धरून राहतो आणि बार उडताना पुढे सरकत नाही.

आता टोपण. पितळी टोपणाचा सॉकेट किती खोल आहे ते मोजा, साधारण २० मिलिमीटर असतो. तेवढ्या अंतरावर काठीभोवती सुरीने खोल नसलेली रेघ ओढा आणि पुढचा भाग सॉकेटात घट्ट जाईल इतका बारीक करा. खांदा काटकोनात हवा. तिथे फट राहिली तर सगळा जोर बारीक केलेल्या लाकडावर येतो आणि गज टोपणाच्या मुळाशीच मोडतो. लाकडावर दोन-तीन उथळ खाचा मारा, सॉकेट आतून स्पिरिटने पुसा, दोन भागांचं एपॉक्सी लावून बसवा आणि पुरे चोवीस तास हात लावू नका.

एवढ्यावर थांबायचं नाही. नुसत्या एपॉक्सीवर टिकलेलं टोपण हे गजाच्या बिघाडांतलं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. अडकलेली गोळी ओढताना जोर सरळ टोपणावर येतो, टोपण नळीत राहतं आणि हातात नुसती काठी येते. म्हणून आडवी पिन हवीच. टोपण लाकडी व्हीच्या खाचेत धरून, सॉकेटच्या मधोमध, लाकडाच्या टोकापासून किमान ८ मिलिमीटर आत, १.६ मिलिमीटरचं भोक आरपार पाडा. भोक टोकाच्या फार जवळ गेलं तर पिन लाकूड फाडून निघते. भोकाची दोन्ही तोंडं जरा रुंद करा, पितळी किंवा पोलादी पिन घाला, दोन्ही बाजूंनी हातोडीने हलके ठोकून पसरवा आणि कानशीने टोपणाच्या बरोबरीत आणा. बोट फिरवून पाहा: पिन नखाला लागत असेल तर ती नळीलाही लागणार. जाड गजाला दोन पिना द्यायच्या तर त्या वेगवेगळ्या उंचीवर आणि काटकोनात असाव्यात.

टोपणाचा व्यास काठीइतका किंवा केसभर कमी असावा. कडीतून जाताना खांदा अडला तर रोज ओढताना तिथेच झटका बसतो.

पिन बसल्यावर वजनाची परीक्षा घ्या. टोपणात कडीचा स्क्रू बसवा, गज उभा टांगा आणि स्क्रूला वीस लिटर पाण्याची भरलेली बादली काही मिनिटं लटकवा. टोपण सरकलं नाही तर पुढे जा. ही किमान परीक्षा आहे. अडकलेली गोळी याहून जास्त ओढ घेऊ शकते.

शेवटी बेलतेलाचे (उकळलेल्या जवसाच्या तेलाचे) तीन-चार पातळ हात, प्रत्येक हात वाळू देऊन. व्हर्निश नको, ते खरवडलं जातं आणि त्याचे कण नळीत जातात. तेलाच्या चिंध्या चुरगळून ठेवू नका. बेलतेल वाळताना तापतं आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. त्या पसरून वाळवाव्या किंवा पाण्यात बुडवून टाकाव्या.

गजावरच्या खुणा

या कामाला पाच मिनिटं लागतात आणि तरी बहुतेक जण ते टाळतात. नवा गज रिकाम्या नळीत बुडापर्यंत सोडून नळीच्या तोंडाशी एक बारीक रेघ कोरा. मग नेहमीचा बार भरून, गोळी दारूवर नीट बसली की दुसरी रेघ. आपल्या ०.५० च्या रायफलीत ७० ग्रेन म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम काळी दारू जवळपास साडेतीन सेंटिमीटर जागा घेते, आणि ०.४९० ची गोळी सव्वा सेंटिमीटर. तेव्हा दोन रेघांत पाच सेंटिमीटरच्या आसपास अंतर पडतं. अरुंद कोठडीच्या बुडात ते काहीसं वेगळं असेल, म्हणून मोजमापापेक्षा प्रत्यक्ष रेघेवर विश्वास ठेवावा.

दुसरी रेघ तोंडाच्या वर राहिली तर गोळी दारूपर्यंत पोहोचलेली नाही. दारू आणि गोळीत पोकळी ठेवून बार उडवला तर नळीला कडं पडतं, म्हणजे ती त्या जागी कायमची फुगते, आणि फुटूही शकते. रेघ दोनदा भरलेला बारही पकडते. दारूचं वजन बदललं तर रेघही नवी कोरा आणि जुनी घासून टाका.

ठासताना

गज मोडतो तो बहुधा वाकल्यामुळे, आणि वाकतो तो वर धरल्यामुळे. तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर धरा, तेवढंच खाली न्या, पकड वर सरकवा, पुन्हा. टोकावर तळहात ठेवून वरून दाबू नका आणि अंग नळीवर झुकवू नका. गोळी आखूड स्टार्टरने (मूठ असलेल्या छोट्या दांडीने) आधी १०–१५ सेंटिमीटर आत घातली तर गजाला सगळ्यात कठीण भाग करावाच लागत नाही. गोळी जागेवर बसल्यावर एकदा ठाम दाब पुरे. गज उचलून गोळीवर आपटत राहिलात तर गोळी चपटते आणि दारूचे दाणे चुरतात.

ठासायला दर बाराला जास्त जोर लागत असेल तर दोष गजाचा नाही. नळी ओलसर पॅचने पुसा. तरीही घट्ट असेल तर पॅच जाड आहे किंवा कोरडा आहे. पातळ पॅच घ्या, वंगण लावा. आणि गज प्रत्येक वेळी कड्यांत घालण्याआधी पुसा. काजळी आणि धूळ लागलेला लाकडी गजही नळीचं तोंड झिजवतो.

काही अडकलं तर

दारू न घालता गोळी ठासली गेली तर तिला आधी बुडापर्यंत दाबा, गज बाहेर काढा, निपल काढून तिच्या जागेच्या भोकातून बारीक दारूचे थोडे दाणे आत घाला, निपल परत बसवा आणि मातीच्या बांधाकडे तोंड करून उडवा. दाबलेल्या वायूने गोळी ढकलायचं छोटं साधनही मिळतं; ते जवळ असणं चांगलं, पण तेव्हाही नळीचं तोंड बांधाकडेच हवं. गज आत अडकलेला असताना बार मात्र कधीही उडवू नये.

टोपण आत राहिलं आणि मागे दारू असण्याची शक्यता असेल तर काना किंवा निपलच्या भोकातून पाणी किंवा पातळ तेल घालून दारू निकामी करा, रात्रभर तशीच ठेवा आणि रायफल बंदूक-कारागिराकडे न्या.

हंगामाच्या सुरुवातीला गज पुसून उजेडात फिरवून पाहावा: टोपणाच्या मुळाशी केसासारखी चीर, मधे दबलेली जागा, उचललेला धागा. यांपैकी काहीही दिसलं तर तो गज बदलायचा. तडा गेलेला गज डिंकाने जोडून किंवा त्यावर दोरा गुंडाळून परत कड्यांत घालू नये. तो मोडून टाकावा, म्हणजे घरातलं दुसरं कोणी तो चुकून वापरणार नाही.